जेम्स जेमरसन: एका बोटाने वाजवणारा बासिस्ट आणि जुन्या बास गिटारच्या आवाजाचं गुपित

‘माय गर्ल’ हे ‘द टेम्प्टेशन्स’चं १९६४ सालचं गाणं तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. पूर्ण गाणं नाही, तर निदान एखाद्या सिनेमात किंवा रीलमध्ये. हे गाणं सुरू होतं तेव्हा गायक नसतो, ड्रम नसतात. आधी येतात बास गिटारचे दोन-तीन जाडसर, उबदार स्वर आणि मागून बाकी सगळे.

ते स्वर वाजवणाऱ्या माणसाचं नाव जेम्स जेमरसन. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातून निघालेल्या असंख्य हिट गाण्यांचा बास त्यांनीच वाजवला आणि तोही बहुतेक वेळा उजव्या हाताच्या फक्त एका बोटाने.

त्यांची आवडती गिटार होती १९६२ ची फेंडर प्रिसिजन बास. त्या काळातल्या अशा गिटार आज हजारो डॉलर्सना विकल्या जातात. पण जेमरसन यांच्यासारखा आवाज ती गिटार विकत घेऊन मिळतो का? की तो आवाज मुळात बोटातच होता?

बास गिटार नेमकं काय करते?

साध्या गिटारला सहा तारा असतात, पारंपरिक बास गिटारला चार. या तारा जाड आणि लांब असतात आणि साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली, तर ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. मोबाईलच्या छोट्या स्पीकरला इतका खालचा स्वर नीट पेलवत नाही. म्हणूनच अनेकांना गाण्यातला बास ‘ऐकूच येत नाही’.

तबल्याच्या जोडीत डग्गा जे काम करतो, त्याच्याशी बासचं काम थोडं जुळतं. डग्गा काढून टाकला तर ठेका राहतो, पण त्यातला भरीवपणा जातो. बास काढला तर गाण्याचं तसंच होतं. फरक इतकाच, की बास लयीसोबत स्वरही सांभाळतो.

१९५१: भल्यामोठ्या वाद्याला पर्याय

त्याआधी हे काम करायचा डबल बास, म्हणजे माणसाएवढा उंच, उभा धरून वाजवायचा लाकडी बास. तो गाडीत मावायचा नाही आणि मोठ्या बँडमध्ये त्याचा आवाज दबून जायचा. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नसल्याने बोट जरा सरकलं, की स्वर बेसूर.

इलेक्ट्रिक बासचा प्रयत्न १९३० च्या दशकात सिएटलमध्ये पॉल टुटमार्क यांनी करून पाहिला होता, पण तो फारसा पसरला नाही. पुढे १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. ती गळ्यात अडकवून वाजवता यायची, ॲम्प्लिफायरला जोडता यायची आणि दांडीवर पडदे असल्याने स्वर अचूक लागायचा. ‘प्रिसिजन’ हे नाव त्या अचूकपणावरूनच आलं.

१९५७ मध्ये तिचा पिकअप बदलला. पिकअप म्हणजे तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, चुंबक आणि तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याचा भाग. नवा पिकअप दोन तुकड्यांत विभागलेला होता. त्यामुळे घरघर कमी झाली आणि आवाज भरदार झाला. १९६० मध्ये दोन पिकअपची ‘जॅझ बास’ आली. आजही जगभरातल्या बहुतेक बास गिटार या दोन नमुन्यांच्या आसपासच फिरतात.

मग ‘व्हिंटेज’ कशाला म्हणायचं?

जुनी गिटार म्हणजे व्हिंटेज, इतकं हे सोपं नाही. फेंडरच्या बाबतीत जानेवारी १९६५ ही एक सीमारेषा मानली जाते. त्या महिन्यात लिओ फेंडर यांची कंपनी सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलर्सना विकत घेतली. त्याआधीच्या गिटारना ‘प्री-सीबीएस’ म्हणतात आणि संग्राहक त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजतात.

किंमत ठरते ती मूळ भाग किती टिकले आहेत यावर. पिकअप बदललेला असेल किंवा गिटारला पुन्हा रंग दिलेला असेल, तर भाव बराच खाली येतो. म्हणून जाणकार आधी गिटार उघडून पाहतात. दांडीच्या बुडाशी तारीख लिहिलेली किंवा शिक्का मारलेला असू शकतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या नॉबच्या खालच्या भागावर आकडे असतात. उदाहरणार्थ, १३७६६३३ असा आकडा असेल तर १३७ म्हणजे तो भाग बनवणारी कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल आणि ३३ म्हणजे त्या वर्षातला तेहेतिसावा आठवडा. विकणारा ‘ही १९६२ ची आहे’ म्हणत असेल आणि आत मूळ म्हणून असा आकडा दिसला, तर हिशेब जुळत नाही.

अनेक जुन्या गिटारच्या दांडीवर ब्राझिलियन रोझवूड आहे. या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंधनं आहेत. त्यामुळे अशी गिटार परदेशातून मागवताना कागदपत्रांशिवाय ती अडकू शकते.

अंगठा की बोटं?

सुरुवातीच्या प्रिसिजन बासवर सगळ्यात बारीक तारेच्या खालच्या बाजूला एक छोटी पट्टी असायची. आज पाहणाऱ्याला ती उलट्या जागी बसवल्यासारखी वाटते. पण कंपनीच्या कल्पनेनुसार वाजवणारा बोटं त्या पट्टीला अडकवून अंगठ्याने तारा छेडणार होता.

प्रत्यक्षात अनेक वादकांनी अंगठा टेकवला आणि बोटांनी वाजवायला सुरुवात केली. शेवटी १९७४ मध्ये कंपनीनेच ती पट्टी वरच्या बाजूला, अंगठ्यासाठी हलवली.

बोटांनी वाजवण्याची आजची रूढ पद्धत अशी: अंगठा पिकअपवर किंवा जाड तारेवर टेकवायचा, तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून चालवायचं. नखाने नाही, बोटाच्या मांसल टोकाने. तार ओढून वर उचलायची नाही. बोट तिच्यावरून सरकून पुढच्या तारेवर येऊन थांबलं पाहिजे. त्यामुळे पुढची तार आपोआप गप्प राहते.

हात कुठे आहे यावरही आवाज बदलतो. ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे शरीराला बांधलेल्या असतात तिथे वाजवलं, तर आवाज टणक आणि स्पष्ट येतो. दांडीच्या दिशेने सरकलं, की तोच स्वर गोल आणि मऊ होतो.

‘द हुक’

जेमरसन यांचा जन्म १९३६ मध्ये साऊथ कॅरोलायनात झाला. १९५४ मध्ये ते डेट्रॉईटला आले आणि तिथल्या शाळेत डबल बास शिकले. जॅझमध्ये डबल बास वाजवताना तर्जनीने तार ओढायची सवय असते. पुढे हातात इलेक्ट्रिक बास आली, तरी त्यांनी ती सवय सोडली नाही. या एका बोटाला लोकांनी नावच पाडलं, ‘द हुक’, म्हणजे आकडा.

दोन बोटांनी वाजवताना दोन्ही बोटांचा आघात सारखा ठेवायला मेहनत लागते. एकाच बोटाने वाजवलं की प्रत्येक स्वराला एकाच हाताचं वळण मिळतं. पण वेगवान गाण्यात एका बोटाला तेवढी दमछाकही सोसावी लागते. स्टीव्ही वंडर यांचं ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ किंवा ‘फोर टॉप्स’चं ‘बर्नाडेट’ (दोन्ही १९६७) हेडफोन लावून ऐका, म्हणजे या बोटावर किती काम पडत होतं ते कळेल.

जेमरसन मोकळ्या तारांचाही भरपूर वापर करायचे. मोकळी तार वाजत असताना डावा हात दांडीवर दुसरीकडे न्यायला वेळ मिळतो. डबल बासवर हात लांब न्यावा लागतो, तिथे ही युक्ती कामी येते.

तारा, फोम आणि थेट मिक्सर

आता गिटारकडे येऊ. जेमरसन यांच्या बासला फ्लॅटवाउंड तारा होत्या. म्हणजे तारेवरचं वेष्टण सपाट पट्टीचं असतं, हाताला गुळगुळीत लागतं. आज अनेक बासवर राउंडवाउंड तारा असतात. त्यांचं वेष्टण गोल असतं आणि आवाज झणझणीत येतो.

जेमरसन तारा तुटल्याशिवाय बदलत नसत. जुन्या तारांमधला झणका निघून जातो आणि उरतो तो खालचा, बसका स्वर. शिवाय फेंडरच्या ब्रिजवर त्या काळी धातूचं झाकण यायचं आणि त्याखाली फोमचा तुकडा असायचा. तो तारांना टेकलेला असल्याने स्वर लांबत नाही, ‘धुप्’ करून थांबतो. अनेक वादक ते झाकण आणि फोम काढून टाकायचे. जेमरसन यांनी ते राहू दिलं.

मोटाऊन कंपनीचा स्टुडिओ वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका घरात होता. तिथे बास थेट मिक्सरला जोडून रेकॉर्ड केला जायचा. त्यामुळे बोटाचा बारीकसारीक आघातही टेपवर उतरायचा.

नाव मात्र नव्हतं

या स्टुडिओतल्या वादकांचा गट ‘फंक ब्रदर्स’ म्हणून ओळखला जातो. पण १९६० च्या दशकात मोटाऊनच्या रेकॉर्डवर गायकांची नावं यायची, वादकांची नाही. गाणी जगभर वाजत होती आणि बास कोण वाजवतंय हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. मोटाऊनच्या मोठ्या रेकॉर्डवर जेमरसन यांचं नाव छापून आलं ते मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर, १९७१ मध्ये.

त्यानंतर मोटाऊनने १९७२ मध्ये आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. जेमरसनही तिकडे गेले. पण संगीताची चव बदलत होती. बासचा झणझणीत आवाज आणि अंगठ्याने तार आपटून वाजवायची पद्धत लोकप्रिय होत होती. त्यांना मिळणारं काम कमी होत गेलं, दारूचं व्यसन वाढत गेलं. २ ऑगस्ट १९८३ रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याच्या काही दिवस आधीच त्यांची १९६२ ची बास चोरीला गेली होती.

पुढे १९८९ मध्ये त्यांच्यावर पुस्तक आलं. २००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पडद्यामागच्या वादकांसाठी वेगळा विभाग सुरू केला, तेव्हा पहिल्याच तुकडीत जेमरसन यांचं नाव होतं. २००२ मध्ये फंक ब्रदर्सवर माहितीपट आला. हे सगळं झालं ते त्यांच्या पश्चात.

मग आवाज नेमका कुठे होता?

जेमरसन यांची बास कारखान्यात बनलेली होती. तशाच आणखी बास त्याच वर्षी, त्याच कारखान्यातून बाहेर पडल्या आणि इतर वादकांच्या हातात गेल्या. त्यातून ‘बर्नाडेट’ निघालं नाही.

याचा अर्थ गिटारला काहीच किंमत नाही असा नाही. पिकअप, जुन्या तारा, फोम, थेट रेकॉर्डिंग या सगळ्याचा वाटा होता. पण यातल्या बहुतेक गोष्टी आज स्वस्तात जमवता येतात. साध्या प्रिसिजन पद्धतीच्या बासला फ्लॅटवाउंड तारा लावा, ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवा, टोनचा नॉब थोडा कमी करा आणि तर्जनीने वाजवून पाहा. आवाज बऱ्यापैकी त्या दिशेने जातो. उरलेल्यासाठी मात्र रियाज लागतो.

आणि बास वाजवत नसाल, तर पुढच्या वेळी ‘माय गर्ल’ फोनच्या स्पीकरवर न ऐकता हेडफोनवर ऐका. गायक सुरू होण्याआधी जे वाजतं, ते ज्यांनी वाजवलं त्यांचं नाव आता तुम्हाला माहीत आहे.