‘द स्ट्रेंजर’ : परीक्षकांचा शेरा आणि ऐकणाऱ्यांचे कान



वहीवर लाल शाईने मारलेला शेरा आणि त्या मुलाचं पुढचं आयुष्य यांचा मेळ बसतोच असं नाही, हे आयुष्यभर वह्या तपासलेल्या बाईला कुणी सांगायला नको! आज एका अमेरिकन अल्बमबद्दल लिहिते आहे, कारण त्याची कहाणी थोडी अशीच आहे. बिली जोएल हा पियानो वाजवत गाणारा गायक. त्याचा ‘द स्ट्रेंजर’ सप्टेंबर १९७७ मध्ये आला. आमच्या घरात त्यावरून दोन तट आहेत. पन्नाशीच्या भाच्याला तो ‘गुळचट’ वाटतो, आणि नात त्यातलं एक गाणं दिवसातून चारदा ऐकते.

बिलीचा हा पाचवा अल्बम. ‘पियानो मॅन’ या गाण्याने (१९७३) त्याचं नाव झालं होतं, पण पुढच्या तबकड्या फारशा खपल्या नव्हत्या. अशा वेळी बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन त्याच्याबरोबर काम करायला तयार झाले. अट एकच, वादक आपले नेहमीचे नकोत, स्टुडिओतले व्यावसायिक हवेत. बिलीने नकार दिला. एवढी मोठी संधी सोबत्यांसाठी सोडणं सोपं नसतं. मग फिल रमोन आले. त्यांना तेच वादक हवे होते. शीर्षकगीताच्या सुरुवातीची शीळ हीसुद्धा त्यांचीच पारख. बिलीने ती धून कुठल्या वाद्यावर घ्यायची हे विचारण्यासाठी नुसती शिटीवर वाजवून दाखवली होती. रमोन म्हणाले, हीच ठेवायची!

अल्बम अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. ‘जस्ट द वे यू आर’ला १९७९च्या समारंभात दोन मोठी ग्रॅमी पारितोषिकं मिळाली. पुढे एकट्या अमेरिकेत १ कोटीवर प्रतींची नोंद झाली.

आणि समीक्षक? रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी ‘बी वजा’ श्रेणी दिली, म्हणजे आपल्या भाषेत ‘बरा आहे’. इतर काहींचा सूर आणखी कडक होता. बिली इतका चिडायचा, की मंचावर परीक्षणं वाचून दाखवून फाडायचा! यात काळाचाही हात होता. १९७७ हे पंक रॉकचं वर्ष. ‘सेक्स पिस्टल्स’चा अल्बम त्याच शरद ऋतूत आला. ओबडधोबड, संतापलेलं म्हणजे खरं, असं मानण्याचे ते दिवस. त्यात हा घोटीव चालींचा पियानोवाला जुनाट वाटला तर नवल नाही.

सगळेच आक्षेप मी उडवून लावणार नाही. ‘शीज ऑलवेज अ वूमन’मधल्या बाईचं वर्णन काहींना स्त्रीद्वेष्टं वाटलं, आणि मलाही ते ऐकताना थोडं खटकतं. ‘जस्ट द वे यू आर’बद्दल तर खुद्द बिलीच साशंक होता. फीबी स्नो आणि लिंडा रॉनस्टॅट या गायिकांनी आग्रह धरला, म्हणून ते राहिलं. ज्या पत्नीसाठी ते लिहिलं, तिच्याशी १९८२ मध्ये घटस्फोट झाला. ‘आहेस तशीच राहा’ म्हणणं सोपं, पण माणसं बदलतातच ना...

२००९ मध्ये रॉन रोझेनबॉम या लेखकाने मोठा आरोप केला, की बिलीच्या गाण्यांत इतरांविषयी तुच्छता भरलेली आहे. इथे मात्र माझं जमत नाही. ‘सीन्स फ्रॉम अ‍ॅन इटालियन रेस्टॉरंट’ हे साडेसात मिनिटांचं गाणं, तीन तुकडे जोडून केलेलं. त्यातले ब्रेंडा आणि एडी ही शाळा-गावातली लाडकी जोडी. घाईने लग्न करते, पैसे पुरत नाहीत, वेगळी होते. त्यांना कुणी धडा शिकवत नाही, हसतही नाही. तुच्छता असती तर एवढा जिव्हाळा आला नसता, असं मला वाटतं.

‘रोलिंग स्टोन’च्या पाचशे अल्बमांच्या यादीत हा २००३ मध्ये ६७वा होता, २०२० मध्ये १६९वा. म्हणजे परीक्षकांचे गुणही बदलत राहतात!

आता नातीचं गाणं, ‘व्हिएन्ना’. १९७७ मध्ये ते गाजलं नाही. एका छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला पडून होतं. आज मात्र बिलीच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांत ते आहे, आणि ऐकणारी बरीचशी विशीतली मुलं. बिलीचे वडील न्यूरेंबर्गच्या ज्यू घरातले, नाझींमुळे परागंदा झालेले. बिली लहान असताना ते घर सोडून युरोपात परतले. सत्तरच्या दशकात तो त्यांना व्हिएन्नात भेटला. तिथे एक म्हातारी रस्ता झाडताना दिसली. त्याला वाईट वाटलं. वडील म्हणाले, वाईट कसलं, तिला काम आहे, तिचा उपयोग आहे. त्यातून हे गाणं आलं : इतकी घाई कशाला, म्हातारपण म्हणजे आयुष्याबाहेर फेकलं जाणं नव्हे.

करिअरच्या धावपळीत दमलेल्या नातीला त्यातलं ‘जरा थांब’ ऐकू येतं. सत्तरी ओलांडलेल्या मला ती झाडूवाली बाई दिसते. गाणं एकच, पण दोघींनाही हवं ते मिळतं.

असो. भाच्याला सांगितलंय, बाकीचं राहू दे, ही दोन गाणी सलग ऐक आणि मग भांडायला ये.