द नाइट सर्कस

अमेरिकन लेखिका एरिन मॉर्गनस्टर्न यांची पहिली कादंबरी. प्रकाशन २०११, डबलडे. नोव्हेंबरच्या एका महिन्यात कादंबरीचा कच्चा खर्डा लिहून काढायचा, अशा 'नॅनोरायमो' या उपक्रमात तिचे बीज पडले. मॉर्गनस्टर्न यांनी नाट्यकलेचे शिक्षण घेतले आहे आणि त्या चित्रकारही आहेत. ही जाण पुस्तकात पानोपानी दिसते.

कथानक १८७३ ते १९०३ या काळात घडते. 'प्रॉस्पेरो' या नावाने रंगमंच गाजवणारा हेक्टर बोवेन आणि करड्या सुटातला अलेक्झांडर हे दोघे खरीखुरी जादू जाणणारे जुने प्रतिस्पर्धी. श्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी ते स्वतः झुंजत नाहीत, शागीर्दांना झुंजवतात. हेक्टर पोटची मुलगी सीलिया पणाला लावतो, अलेक्झांडर अनाथाश्रमातून मार्कोला उचलून आणतो. सीलियाने जखमा मंत्रबळाने भरून काढायला शिकावे म्हणून बाप तिच्या बोटांची टोके पुन्हा पुन्हा चिरतो. मार्कोच्या वाट्याला पुस्तके आणि एकटेपण येते. पैजेचे नियम दोघांनाही कुणी धड सांगत नाही.

पैजेचा आखाडा म्हणजे 'ल सिर्क दे रेव्ह', स्वप्नांची सर्कस. १८८६च्या ऑक्टोबरात ती लंडनला सुरू होते. ती आगाऊ वर्दी न देता गावात येते आणि रात्रीच उघडी असते. तंबू सारे काळे-पांढरे. दारावरचे घड्याळ म्युनिकचे घड्याळजी थीसेन यांनी घडवलेले. त्यातला चेंडू झेलणारा विदूषक तासागणिक एक चेंडू वाढवत जातो आणि बाराच्या ठोक्याला बारा चेंडू हवेत असतात. आत बर्फाची बाग आहे, ढगांचा चक्रव्यूह आहे. इच्छावृक्षावर आपली मेणबत्ती लावायची ती आधी तेवणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मेणबत्तीवरून.

कादंबरीचे खरे बळ या तंबूंत आहे. सीलिया सर्कशीत राहून जादूचे प्रयोग करते, मार्को मालक चंद्रेशचा मदतनीस म्हणून लंडनहून सूत्रे हलवतो. एकाने प्रतिस्पर्ध्यावर चाल म्हणून तंबू उभारावा, दुसऱ्याने त्याला तंबूनेच उत्तर द्यावे, असे चालते आणि बघता बघता या चालींची प्रेमपत्रे होतात. समोरासमोर बोलतात तेव्हा दोघे काहीसे फिके वाटतात. एकमेकांसाठी काम करताना मात्र त्यांच्यातली ओढ वाचकाला खोलवर जाणवते. या प्रेमाची किंमत इतरही मोजतात, हे लेखिका विसरत नाही. सर्कशीशी जोडलेली माणसे वयाने वाढेनाशी होतात. सर्कशीचे कोडे उलगडू पाहणाऱ्या टारा बर्जेसचा रेल्वेखाली अंत होतो. दुसऱ्यासाठी फेकलेला सुरा थीसेन यांच्या छातीत घुसतो.

भूतकथेच्या अंगाने पाहता हेक्टरचे पात्र सर्वांत महत्त्वाचे. देहाच्या बंधनातून सुटण्याचा त्याचा प्रयोग फसतो आणि तो धड जिवंत नाही, धड मेलेला नाही अशा अवस्थेत लेकीच्या मागे लागून राहतो. पैज एकाचा जीव गेल्याशिवाय संपत नाही, हे जुनी विजेती त्सुकिको सांगते तेव्हा सीलिया बापाचाच फसलेला प्रयोग हाती घेते. मार्को सर्कशीतल्या अग्निकुंडाशी कायमचा जखडला जाणार, त्या क्षणी ती त्याला कवटाळते. दोघांचे देह विरतात आणि दोघे सर्कशीत वास करू लागतात. बापाला शाप ठरलेली अवस्था प्रेमिकांना घर देते, कारण बापाला कशालाच बांधून राहायचे नव्हते आणि या दोघांना बांधून घेण्याजोगे काही होते. तंबू टिकवण्याचे काम पुढे बेली हा मॅसॅच्युसेट्सचा शेतकऱ्याचा मुलगा स्वीकारतो.

निवेदन वर्तमानकाळात असून कालक्रम पुढे-मागे होतो. प्रकरणांवरच्या तारखांकडे दुर्लक्ष केल्यास धागा हातून सुटतो. मधली छोटी प्रकरणे वाचकालाच 'तुम्ही' म्हणून तंबूंतून फिरवतात आणि ती पुस्तकातली सर्वांत देखणी पाने आहेत. कादंबरीला २०१२ मध्ये ॲलेक्स पुरस्कार आणि पहिल्या कादंबरीसाठीचा लोकस पुरस्कार मिळाला. ध्वनिपुस्तक जिम डेल यांच्या आवाजात आहे. लेखिकेची दुसरी कादंबरी 'द स्टारलेस सी' २०१९ मध्ये आली.