बालवाडीतल्या मुलांना घरी काय शिकवायचं? एक रुपयाही खर्च न करता खेळता येतील असे ६ खेळ

शेजारच्यांचं मूल साडेतीन वर्षांचं आहे आणि ए टू झेड लिहितं. तुमचं मूल अजून पेन्सिलही नीट धरत नाही. आता काय? क्लास लावायचा? महागडा किट मागवायचा?

दोन्हीची गरज नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा 'पायाभूत टप्पा' मानलाय आणि या वयात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिलाय. महाराष्ट्राला ही गोष्ट नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरून मुलांना शिकवता येतं, हे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिलं.

मग घरात काय करता येईल?

१. कडधान्यं वेगळी करा
राजमा, छोले आणि चवळी एका ताटात मिसळा आणि तीन वाट्यांत वेगळं करायला सांगा. रंग, आकार बघून गट करणं ही गणिताची पहिली पायरी आहे. चिमटीने दाणा उचलताना बोटांनाही व्यायाम होतो.
लक्षात ठेवा: मुलं दाणे नाकात, कानात, तोंडात घालतात. त्यामुळे हा खेळ तुम्ही समोर बसूनच खेळायचा. घरात तीन वर्षांखालचं भावंडं असेल तर दाण्यांऐवजी चमचे-वाट्या किंवा मोज्यांच्या जोड्या लावायला द्या.

२. "मला तीन बटाटे आणून दे"
मूल एक ते वीस घडाघडा म्हणतं, पण तीन बटाटे मागितले तर हाताला येतील तेवढे घेऊन येतं. असं का? कारण आकडे पाठ असणं आणि 'तीन' म्हणजे नेमके किती हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवायला बसताना विचारा, "आपण चौघं आहोत, ताटं किती लागतील?" प्रत्येकापुढे एक ताट ठेवताना मोजणं आपोआप पक्कं होतं.

३. कणकेचा गोळा
पोळ्या करताना एक गोळा मुलाच्या हातात द्या. मळणं, लांबट वळणं, चिमटे काढणं यातून हाताचे स्नायू तयार होतात. पुढे पेन्सिल धरायला हेच स्नायू लागतात. हात तयार नसताना पानंच्या पानं गिरवायला लावलं, तर मूल कंटाळतं आणि लिहिणंच नको म्हणतं.

४. आवाज ओळखा
"घरात 'प'ने सुरू होणाऱ्या गोष्टी शोधूया." पंखा, पाणी, पोळी, पिशवी! यात अक्षर दाखवायचं नाही, फक्त ऐकायचं. शब्दातले आवाज वेगळे ऐकू यायला लागले की पुढे वाचन सोपं जातं. घरात मालवणी, अहिराणी किंवा दुसरी कुठली भाषा बोलत असाल तर तिच्यातच खेळा.

५. स्टॅच्यू!
गाणं लावा, नाचा, गाणं थांबलं की पुतळा व्हायचं. यातून स्वतःला थांबवण्याचा सराव होतो. वर्गात आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सूचना ऐकणं यासाठी तोच उपयोगी पडतो.

६. गोष्ट मध्येच थांबवा
गोष्ट सांगताना विचारा, "आता पुढे काय होईल? तुला काय वाटतं?" उत्तर चुकीचं आलं तरी दुरुस्त करू नका. "असं का वाटलं?" एवढंच विचारा. कारण सांगताना मूल लांब वाक्यं बोलायला शिकतं. पुस्तक नसेल तर घरातला जुना फोटोही चालेल.

मोबाईलवरचे शैक्षणिक व्हिडिओ चालतील का?
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा. कमी असेल तर उत्तमच. व्हिडिओ कितीही चांगला असला तरी तो मुलाच्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारत नाही. तुम्ही विचारू शकता.

रोज किती वेळ द्यायचा?
दहा-पंधरा मिनिटंही पुरतात. ऑफिसवरून दमून आल्यावर वेगळा 'अभ्यास' घ्यायची गरज नाही, हे सगळं स्वयंपाक करताना, कपड्यांच्या घड्या घालताना होतं. आजी-आजोबांनाही जमतं. मूल उठून गेलं तर जाऊ द्या, परीक्षा घेऊ नका.

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो, त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना नको. पण मूल हाक मारल्यावर बघत नसेल, वयाच्या मानाने फारच कमी बोलत असेल किंवा आधी येणारे शब्द बोलणं बंद झालं असेल, तर 'होईल हळूहळू' म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि ए टू झेडचं काय? ते पहिलीपर्यंत येतंच. आज संध्याकाळी फक्त तीन बटाटे मागून बघा.