सपाट कथील-मूर्ती : प्रदर्शन व परीक्षण
कथील व शिसे यांच्या मिश्रधातूच्या, सुमारे एक मिमी. जाडीच्या ओतीव मूर्ती. पाटीच्या दगडाच्या दोन तुकड्यांवर मूर्तीच्या दोन्ही बाजू उलट्या कोरून त्यांचा साचा करतात. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे योहान गोटफ्रीट हिल्पेर्ट (१७३२–१८०१) याने या खेळण्यांना कलात्मक दर्जा मिळवून दिला. एर्न्स्ट हाइन्रिक्सेन याने तेथेच १८३९ मध्ये कारखाना काढला. पुढे मुलांपेक्षा प्रौढ संग्राहकच त्यांकडे अधिक वळले. कुल्मबाख येथील प्लासेनबुर्ख किल्ल्यात १९२९ मध्ये या मूर्तींचे संग्रहालय स्थापन झाले.

भरीव मूर्तीवर छायाप्रकाश आपोआप पडतो. सपाट मूर्तीचा उठाव मात्र इतका उथळ असतो, की गोलाई, घड्या व खोली बहुतांशी रंगानेच भासवावी लागते. त्यामुळे हे काम शिल्पापेक्षा चित्रकलेला जवळचे ठरते. अनेक हौशी रंगकार यासाठी तैलरंग पसंत करतात व मूर्ती चौकटीत, समोरून पाहण्यासाठी मांडतात. प्रकाश एकाच दिशेने आल्याचा भास शेवटपर्यंत टिकला आहे की नाही, हे परीक्षक प्रथम पाहतात. भरीव मूर्तींच्या रांगेत ठेवल्यास सपाट मूर्तीवर सहसा अन्याय होतो. म्हणून काही प्रदर्शनांत तिचा वर्ग वेगळा असतो. शिकागोतील प्रदर्शनात रूढ असलेल्या खुल्या पद्धतीत कलाकृतींची आपसांत तुलना न करता प्रत्येकीचे मूल्यमापन ठराविक दर्जानुसार करतात व पदके देतात.

खरी अडचण श्रेयाची आहे. मूर्तीचा आविर्भाव व बाह्यरेषा आरेखक आणि खोदकार यांच्या असतात. पदक रंगकाराला मिळते. न्यूरेंबर्गच्या लूटव्हिख फ्रांकसारख्या खोदकाराचे नाव जाणकार संग्राहकांना ठाऊक असले, तरी मांडणीतील चिठ्ठीवर ते पुष्कळदा नसते.