भाववृत्ती, मृत्यू आणि जगत्-स्थिती
जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर (१८८९–१९७६) याने १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सत्ता आणि काल’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मनुष्य हा आरंभी अलिप्त ज्ञाता असतो व मागाहून जगाशी संबंध जोडतो हे खरे नसून, हातोडा चालविणारा कारागीर जसा कामात, तसा तो मुळातच जगाच्या व्यवहारात गुंतलेला असतो; हीच त्याची जगत्-स्थिती होय. भाववृत्ती ही म्हणूनच केवळ अंतःकरणातील खळबळ नव्हे. तिच्याच योगे जग आपणांस प्रतीत होते. भय अमुक एका वस्तूचे असते. चिंतेला असा विषय नसतो, आणि तीत सारे परिचित जग परके भासू लागते. १९२९–३० च्या व्याख्यानांत, आडबाजूच्या स्थानकावर चार तास गाडीची वाट पाहत घड्याळ न्याहाळणाऱ्या आणि झाडे मोजणाऱ्या प्रवाशाच्या कंटाळ्याचे त्याने केलेले विश्लेषण हा भाववृत्तीतून जग उलगडण्याच्या या पद्धतीचा सर्वांत जिवंत दाखला होय. जगात असा गुंतलेल्या मनुष्याच्या मृत्यूविषयी हायडेगर म्हणतो की, त्या बाबतीत कोणी कोणाचा मुखत्यार होऊ शकत नाही; मृत्यू ही प्रत्येकाची स्वतःचीच शक्यता असते. ‘माणसे मरतातच’ या सार्वत्रिक विधानाआड आपण स्वतःचा मृत्यू दडवितो, हे सांगताना त्याने तळटीपेत टॉलस्टॉयच्या ईव्हान इल्यिचच्या कथेचा हवाला दिला आहे. मृत्यू ही माझी शक्यता नसून माझ्या सर्व शक्यतांचा बाहेरून होणारा उच्छेद आहे, हा फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रचा यावरील १९४३ मधील आक्षेप मात्र सहज खोडून काढण्याजोगा नाही.