जैनाबाद : गाव एक, अभ्यासाचे विषय अनेक

बऱ्हाणपूरसमोर तापीपलीकडे असलेलं जैनाबाद इतिहासवाल्यांना ठाऊक आहे ते मुमताज महलमुळे. जून १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात तिचं निधन झालं आणि दफन जैनाबादच्या बागेत. सहा महिन्यांनी पार्थिव आग्र्याला नेलं. नदी ओलांडली की विषयच बदलतो. १६१५ च्या सुमारासचा कुंडी भंडारा म्हणजे भूजल अभ्यासकांची शाळाच. सातपुड्याकडून झिरपलेलं पाणी विहिरी जोडणाऱ्या भुयारातून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर शहराकडे वाहतं. जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे, तिथे भाषेचा जाणकार हवा. आता जैनाबादचा आहुखाना नीट दुरुस्त करायचा तर इतिहास, पाणी आणि चुन्याचं बांधकाम जाणणारे एकत्र बसायला हवेत.