न्यायासन सोडलेला वकील : वि. म. तारकुंडे

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हायकोर्टात दाद मागायची तर नागपूर गाठावे लागते. त्याच नागपूर खंडपीठातला एक प्रश्न 1976 साली दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारने एखाद्याला चौकशीवाचून तुरुंगात घातले, तर ‘मला का धरले?’ असे त्याने कोर्टात विचारावे की नाही?

आणीबाणीचे दिवस होते ते. नागपूरसह अनेक हायकोर्टांचे म्हणणे पडले की, अटक कायद्याला धरून आहे की नाही, एवढे तरी आम्ही पाहू. सरकार त्याविरुद्ध अपिलात गेले. बंदिवानांच्या बाजूने जे वकील उभे राहिले, त्यांत विठ्ठल महादेव तारकुंडे हे एक होते.

तारकुंडे सासवडचे. जन्म 1909 चा. विलायतेत बॅरिस्टर झाले, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या चळवळीत पडले. 1957 पासून ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. 1969 मध्ये मुदत शिल्लक असतानाच त्यांनी ते पद सोडले आणि दिल्लीला पुन्हा वकिली मांडली. आता तुम्ही म्हणाल, एवढा मान सोडून मिळवले काय?

ऐका तर. त्या सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी सरकारी वकिलाला विचारले, पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? उत्तर आले, आणीबाणी आहे तोवर दाद नाही! 28 एप्रिल 1976 ला निकाल लागला. चार विरुद्ध एक मताने बंदिवान हरले. तो एक म्हणजे खन्ना.

योगायोग पाहा. पाचच आठवड्यांपूर्वी, 23 मार्चला, नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार जगात अमलात आला होता. अटकेतल्या माणसाला कोर्टाकडे जाता आले पाहिजे, असे त्याचे नववे कलम सांगते. भारत त्यात 1979 साली सामील झाला.

तारकुंडे खचले नाहीत. त्याच वर्षी जयप्रकाशांच्या बरोबरीने त्यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी पी.यू.सी.एल. ही संघटना उभी केली. 1978 च्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येईनासा झाला. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निकालच पुसून टाकला. हे पाहायला तारकुंडे नव्हते. 2004 साली ते वारले.

गुरुजी, नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना हे जरूर सांगा. कोर्टात हरलेली बाजू खोटीच असते असे नाही. पण ती मांडणारा कुणी तरी उभा राहावा लागतो.